अर्जबाईचे पंच

पत्रक लिहायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांचा एक नियम होता. मागणी तिसऱ्या ओळीच्या आत आली पाहिजे. चौथ्या ओळीला माणूस कागदाचा बोळा करतो. म्हणून आधी मागणी सांगते. ओढ्याच्या कडेला माझ्या आत्याचं अकरा गुंठे भातखाचर आहे. आमच्या वाडीतून तिथं जाणारी गाडीवाट एका माणसानं भिंत घालून बंद केली. ती वाट मोकळी करून हवी होती. एवढंच. यापुढं लिहितेय ते बरंचसं एका कार्टूनबद्दल आहे. आणि वाट गेली त्यात माझीही चूक आहे, तीही लिहिणार आहे.

कार्टून मराठी. दर शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर नवा भाग लागायचा, शनिवारपासून मोबाइलवर. नाव लिहीत नाही. एक गाव आहे, सरकारी कागदावर ते ‘तात्पुरते बंद’ आहे, पण माणसं राहतायत. तिथला पुढारी फक्त फ्लेक्सवर असतो. बोर्डावरूनच बोलतो, हात हलवतो, खाली कधी उतरत नाही. त्याला आम्ही फ्लेक्सदादा म्हणायचो. मुख्याधिकारी काळा गॉगल घालून न बघता सह्या करतो, तो गॉगलसाहेब. शिपायाला साहेबांची कुजबूज ऐकू येते, लोकांची आरडाओरड ऐकू येत नाही. आणि एक बाई आहे, अर्जबाई. प्रत्येक भागात ती तोच अर्ज घेऊन येते, प्रत्येक भागात तिला आणखी एक कागद आणायला सांगतात. अर्जात काय लिहिलंय ते प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. दोन सीझन आम्ही त्या एका गोष्टीवर भांडलो.

आमची वाडी घोटावड्याच्या अंगाला. एकीकडे कारखाने, एकीकडे भात, आणि मधल्या जागेत हिंजवडीला कामाला जाणाऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्या. विहाराच्या मागं आम्ही पोरापोरींनी अभ्यासिका चालवलेली. टेबलं, स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तकं, वर्गणीचा टीव्ही. रविवारी दुपारी अभ्यासाला कुणी फिरकत नसे, म्हणून तो वेळ कार्टूनचा. वाडीतले एक म्हातारे दारात काठी टेकून विचारायचे, “हे कार्टून बघाया बांधलंय व्हय रं?”

“सामाजिक हाय, आजा.”

“मग आवाज वाढवा,” म्हणत तेच मागच्या खुर्चीत बसायचे आणि पहिल्यांदा तेच हसायचे.

आम्ही सहा जण. फाट्यावर फ्लेक्स छापणारे दोघे भाऊ. आठवडाभर खऱ्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बोर्ड छापायचे आणि रविवारी फ्लेक्सदादावर पोट धरून हसायचे. खाजगी शाळेत तासावर शिकवणारी माझी मैत्रीण. कारखान्यात वेल्डिंग करणारा एक बिहारी, त्याला सगळे भाई म्हणत. त्याचं निम्मं मराठी त्या कार्टूनमधून आलेलं, त्यामुळं रागावला की सरकारी बोलायचा. मी. आणि एक टेस्टर.

टेस्टर मराठवाड्यातला, हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, हा त्याचा धंदा. वाडीच्या वरच्या अंगाला एका जमीनमालकाच्या चाळीत खोली घेऊन राहायचा. आमच्यात सगळ्यात हुशार तोच. भाग थांबवून दाखवायचा: मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा, गेल्या सीझनपासून एकच महिना आहे. पहिल्यांदा विहारात आला तेव्हा कुणी न सांगता त्यानं चपला काढल्या, गुडघे टेकून तीनदा वंदन केलं. लहानपणी शिकवल्याशिवाय असं वाकता येत नाही. मी ते पाहिलं आणि त्यावर काही विचार केला नाही.

पंचनाम्याची कल्पना त्याचीच. भाग संपला की आम्ही त्याचा पंचनामा लिहायचो, जाडजूड रजिस्टरमध्ये, तलाठ्याच्या भाषेत. लिहिणारी मी. “आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून पाहिले की, फ्लेक्सदादा यांनी पुलाचे उद्घाटन केले. पूल जागेवर आढळून आला नाही. टाळ्या आढळून आल्या.” खाली पाच पंचांच्या सह्या. त्या सह्या कार्टूनमधल्या पात्रांच्या नावानं करायच्या, पूर्ण नावानं, वडलांच्या नावासकट, आणि पत्त्याच्या जागी आपापली खोली, शाळा, दुकान. चुकून कुणी स्वतःचं नाव लिहिलं तर त्यानं सगळ्यांना वडापाव द्यायचा. हाही नियम त्याचाच. पानाचा फोटो आम्ही चाहत्यांच्या पेजवर टाकायचो आणि नागपूर, कोल्हापूरपासून लोक त्याखाली लिहायचे, “पंच कमिटी जिंदाबाद.”

नवा सीझन पावसाळ्यात सुरू झाला. पहिल्या भागात अर्जबाई कचेरीच्या पायरीवर बसून अर्जाला ठिगळ लावते, सुईदोऱ्यानं.

“म्हणजे कपड्याचा अर्ज आहे,” मैत्रीण म्हणाली. “रेशनचं लुगडं. जुनी योजना असणार.”

“कोरा हाय ओ कागद,” थोरला फ्लेक्सवाला. “पैज लावा. शेवटी उघडणार आन कोरा निघणार.”

“कोरा निघाला तर मी बघणंच सोडीन,” टेस्टर म्हणाला. “तो सगळ्यात स्वस्त शेवट हाय. लेखक लोक थकले की कोरा कागद काढतेत.”

“कागज़ कोरा नहीं है,” भाई म्हणाला. “औरत उसको सीने से लगा के चलती है. कोरा कागज़ कोई ऐसे नहीं पकड़ता.”

मग धाकटा म्हणाला, “भाईचा निकाल कायम. अपील नामंजूर.”

त्या दिवशी आत्या मला बोलवायला आली होती. दारात उभी राहून तिनं शेवटची पाच मिनिटं पाहिली. साहेबांचा गॉगल, शिपायाचा बहिरेपणा, बाईचं परत फिरणं. आम्ही हसत होतो.

“ही बाई येडी हाय का?” आत्या म्हणाली. “दर बारीला माघारी कशापायी जाती? बसावं की तितंच.”

“आत्या, ते कार्टून आहे.”

“माझं काय हाय मग?”

तिच्या कमरेला पिशवी होती. पिशवीत सातबारा, नकाशा, वाटेच्या अर्जाची पोच. उन्हाळ्यात भिंतीसाठी चर खणला गेला, तेव्हाच आम्ही तालुक्याला वहिवाटीच्या रस्त्याचा अर्ज दिला होता. भिंत घालणारा म्हणजे टेस्टर राहायचा त्या चाळीचाच मालक. नवी इमारत काढत होता, आणखी खोल्या. वाट आमच्या आजोबांच्या आधीपासूनची. त्यालाही माहीत होतं. त्यानं आत्याला ओट्यावर बसून सरळ सांगितलं होतं, “आक्का, वाटंबिगर रान काय कामाचं? मला देऊन टाक. घरच्या घरात ऱ्हाईल.”

“घर कुनाचं?” आत्यानं विचारलं होतं. तो हसून उठला होता.

भाताची आवणी त्या वर्षी चरावरून फळी टाकून झाली. भिंत अजून गुडघ्याएवढी होती. कचेरीतून कळलं, मंडल अधिकारी जागेवर येणार, पाच पंच तयार ठेवा, नात्यातले नकोत. मी वाडीबाहेर घरं फिरले. कुणाचा पोरगा मालकाच्या ट्रॅक्टरवर, कुणाची जमीन त्याच्या बांधाला, कुणाच्या लग्नाला त्यानं मंडप दिलेला. सगळ्यांनी पाणी दिलं, चहा दिला. सही कुणी दिली नाही. एक जण म्हणाला, “वाट व्हती हे खरं हाय. पर मला इचारू नगं.”

तेव्हा मला वाटलं, आपल्याकडं तयार पंच आहेत की! दर रविवारी पंचनामा करणारे.

पुढच्या रविवारी भाग संपल्यावर मी रजिस्टर मिटलं आणि सांगितलं. बुधवारी सकाळी या. वाट बघा, भिंत बघा, जे दिसतं ते खरं आहे एवढ्यावर सही करा. 

“दादांना बोलवायचं का उद्घाटनाला?” धाकटा म्हणाला. हसले सगळे. मग थोरल्यानं विचारलं, “मालकाचे बोर्ड आमीच छापतो, म्हाईत हाय ना तुला?”

“माहितीय.”

“बरं. येतो.”

मैत्रीण म्हणाली, दोन तास बदलून घेते. भाईनं फक्त मान हलवली. टेस्टर सगळ्यात आधी म्हणाला, “येतो की! अर्जबाईला पंच मिळाले म्हणायचे.” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याची खोली त्याच मालकाची आहे, हे मला ठाऊक होतं. मला ते शौर्य वाटलं. मी मनात पत्रकाचा मथळासुद्धा लिहून ठेवला.

बुधवारी सगळे आले. मंडल अधिकारी भले गृहस्थ होते. छत्री मिटून चिखलात उतरले. भिंत तोवर छातीएवढी झाली होती. तिच्याखालून जुन्या वाटेचे दगड बाहेर आलेले, गाडीच्या चाकानं झिजलेले, आंधळ्यालाही दिसावेत असे. मालकाचा वकील म्हणाला, हे दगड पाण्यानं आलेत. माझं डोकं फिरलं. मी त्याच्याशी भांडत भिंतीच्या त्या टोकाला गेले, इकडं कोतवालानं पंचांपुढं कागद धरला: नाव, वय, धंदा, पत्ता, सही, आपापल्या हातानं भरा. मी परत आले तेव्हा कागद भरलेला. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. कागद साहेबांना दिला.

माझी चूक ती हीच. सह्यांच्या मोहिमेत आम्ही आकडा मोजतो. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. नावं वाचत नाही. कॉलेजपासून मी हजारो सह्या गोळा केल्या असतील, एकही नाव आठवत नाही.

सुनावणीला आत्या नवं लुगडं नेसून आली. तहसीलदार साहेबांसमोर मालकाच्या वकिलानं पंचनामा उघडला आणि चौथ्या नावावर बोट ठेवलं. या नावाचा माणूस या पत्त्यावर राहत नाही. या नावाचा माणूस, सर, कुठंच राहत नाही. मग त्यानं एक रंगीत प्रिंट काढली. कार्टूनमधला शिपाई. नाव, वडलांचं नाव, आडनाव, तंतोतंत. कुणाच्याही शाळेच्या दाखल्यावर शोभेल असं साधं नाव आहे ते, म्हणून मंडल अधिकाऱ्यांना संशय आला नाही. वकिलाचा ज्युनियर त्या कार्टूनचा चाहता निघाला. त्यानं आमच्या पेजवरचे फोटोही काढून आणले होते. पानामागून पान, आमचे सगळे पंचनामे, तोच शिपाई, तोच चाळीचा पत्ता, तीच सही.

“हे लोक दर आठवड्याला असे पंचनामे करतात, सर. छंद आहे यांचा.”

साहेबांनी पानं चाळली. चेहरा आधी कोरा होता, मग ओठ हलले. “पूल जागेवर आढळून आला नाही,” त्यांनी मोठ्यानं वाचलं, “टाळ्या आढळून आल्या.” आणि ते हसले. मनापासून हसले. “आमच्या घरी मुलं बघतात हे. मला म्हणतात, बाबा, गॉगलसाहेब म्हणजे तुम्हीच.” कारकून हसला, वकील आणि त्याचा ज्युनियर हसले, दाराशी शिपाई हसला. मला तेव्हा कळलं की ज्यांच्यावर हे कार्टून आहे असं आम्ही समजत होतो, ते आमच्याआधीच शुक्रवारी टीव्हीपुढं बसलेले असतात. त्यांना ते टोचत नाही. त्यांना ते आवडतं. गॉगलसाहेब म्हणवून घ्यायला तर फारच आवडतं.

आत्या हसली नाही. तिनं मला कोपरानं ढोसलं. “काय झालं? वाट दिली का?”

वाट दिली नाही. हा पंचनामा ग्राह्य धरता येत नाही, फेरपंचनामा करा, पुढची तारीख दिवाळीनंतर. साहेबांनी कायद्यानं केलं. त्यांना मी दोष देऊ शकत नाही, हेच जास्त जळतं.

संध्याकाळी फाट्यावरच्या टपरीवर मी टेस्टरला गाठलं.

“गंमत केलीस?”

“गंमत नाही.”

“मग सवयीनं झालं? तेवढं तरी म्हण.”

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, “माझं आडनाव माहितीय का तुला?”

खरंच माहीत नव्हतं. दोन सीझन आम्ही एकमेकांना कार्टूनच्या नावानं हाका मारल्या होत्या. त्यानं आडनाव सांगितलं. आमच्या वाडीत त्या आडनावाची चार घरं आहेत.

“हितं आलो तेव्हा किती खोल्या बघितल्या, मोजल्या नाहीत,” तो म्हणाला. “आडनाव काय? आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली. ह्या मालकानं आधार मागितलंच नाही, कंपनीचं कार्ड बघितलं. कार्डावर नुसतं नाव, पुढं एक अक्षर. त्या अक्षरावरून मी कोण ते त्यानंच ठरवलं. मी नाही म्हणलो नाही, एवढंच. आता तुमच्या वाडीच्या कागदावर पूर्ण नाव लिहायचं, अन् तो कागद त्याच्या वकिलाच्या हातात जाणार. काय करायला पाहिजे होतं मी?”

“यायचं नव्हतंस.”

“यायचं होतं. तुझ्या आत्यासाठी यायचं होतं. लिहितानी हात तिकडंच गेला... मला वाटलं, तू वाचशील. आख्खा दिवस मी लोकांचं वाचून चुका काढून देतो. तू पाच नावं वाचायला पाहिजे होतीस. तितंच म्हणली असतीस, हे काय लिहिलंय, तर मी खोडलं असतं. नाही तर पळून गेलो असतो. पण तुझा पंचनामा वाचला असता.”

त्यावर मी जे बोलले ते लिहिते. “तुझ्यापेक्षा फ्लेक्सदादा बरा,” मी म्हणाले. “तो निदान चौकात लागतो.”

तो पैसे ठेवून निघून गेला. मी हाक मारली नाही. आणि त्याचं आडनावही कुणाला सांगितलं नाही. वाडीत बातमी झाली की तो मालकाचा माणूस होता, मालकानंच त्याला आमच्यात घुसवला. अभ्यासिकेतल्या पोरांनी त्याच्या नावानं शिव्या घातल्या. म्हातारे म्हणाले, “म्या पयल्यापासून वळखलं व्हतं.” मी ऐकत बसले. खरं सांगितलं असतं तर तासाभरात चाळीपर्यंत पोचलं असतं. खोटं राहू दिलं, आणि ते मला जड गेलं नाही. मला त्याला शिव्या मिळालेल्या हव्या होत्या. आज तो तिथं राहत नाही, म्हणून हे लिहितेय.

फेरपंचनाम्याला पंच शोधायला मी पुन्हा निघाले. मैत्रिणीला शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं होतं, तुम्ही कुठं कुठं सह्या करत फिरता? ती रडली. मी तिचं नाव वहीतून काढलं. फ्लेक्सवाल्या भावांचं मालकाकडचं छपाईचं काम बंद झालं होतं, थोरला म्हणाला, “आमी खरी सही केली गं. खऱ्या सहीचा उपेग काय झाला, सांग.” भाईला नव्या इमारतीच्या जिन्याचे कठडे करायचं वरकाम मिळणार होतं, ते गेलं. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, मला दुसऱ्याकडून कळलं.

“भाई, तू तरी आधी विचार करायचा.”

“किस बात का विचार, दीदी? नाम पूछा, नाम लिख दिया. मेरे पास दूसरा है कहाँ?” मग त्याच्या सरकारी मराठीत, “पुनश्च हजर राहीन.”

म्हणजे एक पंच झाला.

त्याच आठवड्यात सीझनचा शेवटचा भाग लागला. मी बघणार नव्हते, पण बघितला. अर्जबाईच्या हातातून वाऱ्यानं अर्ज सुटतो, उडतो, चौकातल्या बोर्डावर जाऊन फ्लेक्सदादाच्या तोंडावर चिकटतो, लिहिलेली बाजू आत. फ्लेक्सदादा कागदाआडून बोलत राहतो. संपलं. चाहते पेटले. पेजवर दोन दिवस नुसती आग. “फसवणूक आहे ही.” “दोन सीझन आम्ही कशासाठी बघितलं?” “लेखकांना लाज वाटली पाहिजे.” “बाईला न्याय मिळालाच पाहिजे.” कुणीतरी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली: अर्ज वाचून दाखवा. आणि सह्या पडायला लागल्या. स्वतःच्या नावानं. पूर्ण नाव, गाव, काही जणांनी तर हुद्दा.

बसमध्ये बसून मी ती यादी वाचत होते. मी, जिनं पाच नावं वाचली नव्हती, ती शेकड्यानं नावं वाचत होते. त्यात मालकाच्या वकिलाचा ज्युनियर होता. आमच्या अभ्यासिकेतली तीन पोरं होती, ज्यांना मी सुनावणीला चला म्हटलं तेव्हा परीक्षा होती. आणि टेस्टर होता. खरं नाव, वडलांचं नाव, आडनाव, अक्षर न अक्षर. कार्टूनमधल्या बाईला न्याय मिळावा म्हणून तो उघड्यावर आला होता. मालक असली यादी वाचणार नव्हता, हे त्यानं तपासलेलं असणार. मी बसमध्ये शिवी दिली. शेजारची बाई सरकून बसली.

दिवाळीनंतरच्या तारखेला पंच पुरे नाहीत म्हणून पुढची तारीख मिळाली. भात काही तारखेला थांबत नाही. तोवर भिंत पुरी झाली होती, आत दोन मजले उभे, खालच्या खोल्यांत भाडेकरूही आलेले. कापलेलं भात खळ्यावर आणायला एकच रस्ता उरला: ओढ्यातून. पाणी मांडीपर्यंत, तळाशी शेवाळलेले गोटे. भारा डोक्यावर घ्यायचा, एका हातानं धरायचा, दुसऱ्या हातानं काठी. आत्या पुढं, मी मागं, वाडीतल्या दोघी बाया. वरच्या गॅलरीत भाडेकरू चहाचे कप घेऊन उभे. एक मुलगी मोबाइलवर चित्रण करत होती. छान दिसत असणार.

तिसऱ्या फेरीला टेस्टर दिसला. त्याच गॅलरीत. पंचनामा त्याच्यामुळं बुडाला म्हणून खूश होऊन मालकानं त्याला जुन्या चाळीतून नव्या खोलीत आणलं होतं. तो थोडा वेळ वर उभा राहिला, मग दिसेनासा झाला, आणि दोन मिनिटांत ओढ्याच्या काठाला आला, पँट दुमडलेली, अनवाणी.

“द्या इकडं,” तो आत्याला म्हणाला.

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. तिला वाटत होतं तो मालकाचा हेर. तरी ती म्हणाली, “गोटं निसरडं हायती. पाय रवून ये.”

त्यानं एक पाय पाण्यात घातला. एवढ्यात वरून मालकाचा आवाज आला, आणि त्या आवाजात खरा जिव्हाळा होता. “ओ साहेब! तुमी कशाला त्यांच्यात उतरताय? आपली मानसं हायती का ती? वर या, च्या टाकलाय!”

टेस्टर थांबला. ‘आपली मानसं.’ त्यानं माझ्याकडं पाहिलं. तोंडातून एक शब्द काढायचा होता. मी काढू शकले असते, त्याच्या वतीनं, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असा. माझ्या जिभेवर आडनाव आलं होतं. मी ते गिळलं, आणि ते दयेपोटी गिळलं की तुच्छतेपोटी, मला आजही सांगता येत नाही.

त्यानं पाय पाण्यातून काढला. “येतो,” तो वर बघून म्हणाला, आणि गेला.

त्या गडबडीत मागच्या बाईचा पाय सरकला. बाई सावरली, भारा गेला. आम्ही तिघी धावलो, निम्म्या पेंढ्या धरल्या, निम्म्या पुढं वळणावरून गेल्या. आत्या कमरेइतक्या पाण्यात उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. ओरडली नाही, मालकाला शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, “र्‍हायलेलं न्या आदी. मग रडा.”

झोडणी झाली. भात दरवर्षीपेक्षा कमी, त्यात भिजलेलं काळं पडलं. मालकाचा निरोप आला, अजून विचार कर. आत्यानं निरोप्याला जेवायला वाढलं आणि उत्तर दिलं नाही. रान विकणार नाही, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगायची, मी विचारलं नसतानाही.

दरवर्षी ती मळणीतून निवडून बियाणाचं भात वेगळं काढते. पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून, माळ्यावर. त्याला घरात कुणी हात लावत नाही. माझ्या लहानपणी घरात शिजवायला काही नव्हतं तेव्हाही तो डबा उघडला नव्हता. जानेवारीत एका सकाळी मी तिच्याकडं गेले तर डबा ओट्यावर, उघडा, पालथा घालून पुसलेला. ती गिरणीतून आली होती.

“बियाणं भरडलंस?”

“व्हय.”

“आत्या, तारीख आहे अजून. मार्चची आहे. मी पंच आणते. एक आहे, चार आणते.”

“आन की,” ती म्हणाली. “न्हाई कोन म्हनतंय?” तिनं सुपात तांदूळ घेतले, खडे बघायला लागली. “जेवून जा. वास बघ कसा सुटलाय.”

मी जेवले. भात चांगला होता.